पहिल्या बँडचं देणं

तिकिटावर एकच नाव मोठ्या अक्षरांत असतं. त्याच्या खाली, निम्म्या आकारात, कधीकधी आणखी एक नाव असतं. कधी तेही नसतं; कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी इन्स्टाग्रामवर कळतं की मुख्य बँडच्या आधी अमुक एक बँड अर्धा तास वाजवणार आहे. त्याला कुणी 'ओपनिंग अ‍ॅक्ट' म्हणतं, कुणी 'सपोर्ट' म्हणतं. मराठीत रुळलेला शब्द नाही, म्हणून मी सरळ 'पहिला बँड' म्हणणार आहे. प्रश्न त्या खालच्या नावाचा आहे. मी पैसे दिले वरच्या नावासाठी. मग खालच्या नावाचं मी काही देणं लागतो का?

प्रश्न किरकोळ आहे हे मान्य. यात कुणाचा जीव जात नाही. पण याच्या पोटात एक बराच मोठा प्रश्न आहे: लक्ष देणं हे कुणाचं देणं असू शकतं का? उसने घेतलेले पैसे आपण देणं लागतो, दिलेला शब्द पाळणं लागतो. लक्ष मात्र आपण खासगी मालमत्ता समजतो. ते कुठे खर्च करायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि आमच्या धंद्यात तर लोकांचं लक्ष सेकंदांत मोजतात, लिलावात विकतात. त्यामुळे 'तुझं लक्ष तू मला देणं लागतोस' असं कुणी म्हणालं, की आधी खिसा चाचपून बघावासा वाटतो.

तरीही मला वाटतं की असं देणं असतं. ते नेमकं कुणाचं आणि किती, एवढंच नीट पाहायला हवं.

*

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. जानेवारी २०२५मध्ये, १८, १९ आणि २१ तारखेला, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. आधीच्या सप्टेंबरमध्ये तिकिटांसाठी जे रण माजलं ते आठवत असेल: ऑनलाइन रांगेत लाखो लोक, बघता बघता संपलेली तिकिटं आणि नंतर दुसरीकडे कित्येक पटींनी विकली जाणारी तीच तिकिटं. कोल्डप्लेच्या आधी गाणाऱ्यांत जसलीन रॉयल होती. लुधियानात वाढलेली, स्वतःच स्वतःला शिकवत, एकटीने अनेक वाद्यं सांभाळत पुढे आलेली गायिका. ती अगदी अनोळखीही नव्हती. २०२३चं तिचं 'हीरिये' देशभर वाजलं होतं. तिच्या त्या गाण्याची एक क्लिप फोनाफोनांतून फिरली आणि पुढचे काही दिवस तिची यथेच्छ टिंगल झाली.

ती त्या दिवशी कशी गायली यावर मला काही म्हणायचं नाही. फोनच्या क्लिपवरून ते ठरवूही नये. मला त्या अर्ध्या-पाऊण तासातल्या श्रोत्यांविषयी बोलायचं आहे. तिथे जमलेल्या लोकांच्या दृष्टीने ती आणि कोल्डप्ले यांच्यात एक फरक होता: कोल्डप्लेला ऐकायचं असं ठरवून ते आले होते, तिला ऐकायचं असं त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

माझा एक मित्र त्यांतल्या एका कार्यक्रमाला गेला होता. इथून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून. पहाटेची गाडी, दुपारी मुंबई, तिथून नेरूळ. परत आल्यावर मी विचारलं, "आधीचे लोक कसे होते रे?"

"आम्ही बाहेर वडापाव खात होतो," तो म्हणाला. "मी कोल्डप्लेचे पैसे दिले होते. हॉटेलात थाळी मागवली आणि वेटरनं आधी सूप आणून ठेवलं, तर ते प्यायलाच पाहिजे का?"

हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. व्यवहार म्हणून तो चोख आहे. माझा करार आयोजकाशी आहे. मी पैसे दिले, त्याने मला मुख्य बँड ऐकवला, हिशेब मिटला. मधल्या वेळात त्याने मंचावर कुणाला उभं केलं हा त्याचा प्रश्न. पहिल्या बँडशी माझा करार झालेलाच नाही, मग देणं कुठून आलं?

एक साधी गोष्ट मात्र या सूपात बसत नाही. सूप प्यायलं नाही तर सूपाचं काही बिघडत नाही.

*

पहिल्या बँडचा अर्धा तास कसा घडतो ते पाहू. मैफल ऐकून आपण निवाडा करतो तेव्हा हे आपल्याला दिसत नसतं.

साउंडचेक साधारण उलट्या क्रमाने होतं. मुख्य बँड आधी आपलं सगळं तपासून घेतो, पहिला बँड शेवटी. यात तर्क आहे: जो शेवटी तपासतो त्याची मांडणी मंचावर तशीच राहते आणि कार्यक्रम तिथूनच सुरू करता येतो. पण मुख्य बँडचं साउंडचेक लांबलं तर कापला जातो तो पहिल्या बँडचा वेळ. दारं उघडायची वेळ आलेली असते, बाहेर रांग लागलेली असते आणि आत कुणीतरी "वन टू, वन टू" एवढंच म्हणून मोकळा होतो. मोठ्या बँडचे ड्रम्स उंच चौथऱ्यावर कापडाखाली झाकून ठेवलेले असतात. ते हलवायचे नसतात, म्हणून पहिल्या बँडचे ड्रम्स त्यांच्या पुढ्यात किंवा एका कडेला, उरलेल्या पट्टीत मांडले जातात. दिव्यांचे खास खेळ मुख्य बँडसाठी राखून ठेवलेले असतात. कित्येकदा आवाजही थोडा खालीच ठेवतात, म्हणजे नंतरचा आवाज मोठा वाटतो.

यात आपल्याकडचा एक कायदा येऊन मिळतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशी, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. नियम चांगला आहे. दवाखान्याशेजारी राहणाऱ्याला विचारा. पण त्याचा परिणाम असा होतो, की शेवटचं गाणं दहाच्या आत संपवायचं म्हणजे सगळा कार्यक्रम मागे सरकतो. मोठ्या महोत्सवांत पहिले बँड भर दुपारी वाजवतात. दुपारी तीनचं ऊन, तापलेल्या गिटारच्या तारा, वर-खाली होणारा सूर, आणि समोर सावली शोधत फिरणारे शे-दीडशे लोक. रात्रीचे दिवे, गारवा आणि गर्दी ज्याला आधीच नाव आहे त्याच्याच वाट्याला येतात.

म्हणजे आपण दोन्ही बँड एकाच मंचावर ऐकतो, पण एका मापाने मोजू शकत नाही. "आधीचे काही खास नव्हते" या वाक्यात बँड किती आणि ऊन किती, हे वेगळं काढता येत नाही.

आणि पैसे? लहान कार्यक्रमांत पहिल्या बँडला बऱ्याचदा प्रवासखर्च मिळतो, कधी तोही नाही. काही देशांत तर मोठ्या बँडच्या दौऱ्यात पहिल्या क्रमांकावर वाजवायला बँडच पैसे भरतात. बाकीचा मोबदला एका शब्दात सांगितला जातो: एक्स्पोजर. 'तुम्हाला हजार लोक ऐकतील.' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आयोजक इथे एका चलनात पैसे चुकते करतो आहे आणि ते चलन त्याचं नाही. ते आपलं आहे. आपल्या कानांचा धनादेश तो आपल्याला न विचारता फाडतो. आपण बाहेर वडापाव खात राहिलो की तो वटत नाही. नुकसान आयोजकाचं होत नाही. त्याची तिकिटं विकली गेलेली असतात. ज्याच्या हातात तो कागद आहे त्याचं होतं.

यावरून लगेच 'म्हणून आपण तो वटवलाच पाहिजे' असं निघत नाही. दुसऱ्याने आपल्या नावावर काढलेलं कर्ज आपण का फेडावं? इथे पहिला दोष आयोजकाचा आहे, आणि कलावंताला रोख पैसे देणं ही त्याची जबाबदारी आपल्या ऐकण्याने भागत नाही. मात्र एवढं खरं, की आपण या व्यवहाराच्या बाहेर नाही. आपलं लक्ष त्यात आधीच गुंतवलेलं आहे.

*

नवख्याने आधी, नामवंताने शेवटी ही रीत आपल्याला रॉकने शिकवलेली नाही. पुण्यात १९५३पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव होतो. तो सुरू करणारे भीमसेन जोशी स्वतः अनेक वर्षं सांगतेला गात. पुढे तो मान प्रभा अत्रे यांच्याकडे गेला. हा महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. दहाच्या नियमानंतर त्यालाही वेळापत्रक बदलावं लागलं. इथेही सुरुवातीला तुलनेने तरुण कलाकार असतात. तरी 'सपोर्ट' या शब्दात जी दुय्यम वास येणारी छटा आहे, ती इथे कमी आहे. सुरुवातीला येऊन बसणारा श्रोता स्वतःला जाणकार समजतो आणि नवा गळा आपण आधी हेरला याची फुशारकी पुढे वीस वर्षं मारतो.

तमाशात तर सुरुवातीलाच मान आहे. गण, मग गवळण, मग वग. लोक वगासाठी येत असले तरी गणाशिवाय खेळ उभा राहत नाही.

पण हे सांगताना 'आपल्याकडे पूर्वी सगळं छान होतं' असं म्हणण्याचा मोह टाळायला हवा. गण गाणारे आणि वग करणारे एकाच फडाचे असतात, त्यामुळे तिथे अनोळखी पहिल्याचा प्रश्नच येत नाही. मैफिलीत पहिली जागा कुणाला मिळायची हेही गुरू, घराणं, ओळखी यांवर ठरे. जिथे ओळख नाही तिथे दारच नाही. आणि आजही गावोगावच्या मंडपात, नेते येईपर्यंत किंवा मुख्य गायक येईपर्यंत, स्थानिक गायकाला गर्दी धरून ठेवायला उभं करतात. त्याचं गाणं रंगात येतं न येतं तोच गाड्यांचा ताफा दिसतो आणि कुणीतरी त्याच्या हातातून माईक घेतो. लोकांना ते खटकतही नाही. माणसाचा असा उपयोग करून घेणं आपल्याला चांगलं जमतं.

*

तर देण्याचा प्रश्न. त्याची तीन उत्तरं मला दिसतात.

पहिलं सभ्यतेचं: समोर माणूस काहीतरी करतो आहे, त्याच्याकडे पाठ करू नये. हे बरोबर आहे, पण पुरेसं नाही. मॉलमध्ये लकी ड्रॉची घोषणा करणाराही माणूसच असतो. प्रत्येक बोलणाऱ्या तोंडाकडे कान दिला तर दिवस पुरणार नाही.

दुसरं फायद्याचं: ऐका, न जाणो उद्याचा मोठा बँड असेल. याची उदाहरणं हमखास दिली जातात. जुलै १९६७मध्ये जिमी हेंड्रिक्स अमेरिकेत 'द मंकीज'च्या आधी वाजवत होता. मंकीजच्या कोवळ्या चाहत्यांना त्याचं काय करावं कळेना. ते आपल्या लाडक्या गायकाचं नाव ओरडत राहिले आणि थोड्याच कार्यक्रमांनंतर तो त्या दौऱ्यातून बाहेर पडला. ऑक्टोबर १९८१मध्ये लॉस एंजेलिसला रोलिंग स्टोन्सच्या आधी प्रिन्स उभा राहिला, तर लोकांनी हुर्यो करून, वस्तू फेकून त्याला मंचावरून घालवलं. तीन वर्षांनी त्याचा 'पर्पल रेन' आला.

या गोष्टी ऐकायला गमतीच्या आहेत, पण त्यांवर नैतिक इमारत उभी राहत नाही. त्या आपल्याला ठाऊक आहेत कारण हे दोघं तगले. ज्यांना त्याच रीतीने घालवलं आणि ज्यांनी नंतर गिटार विकून टाकली, त्यांची नावं कुठल्याच लेखात येत नाहीत. शिवाय 'उद्या मोठा होईल म्हणून ऐक' हा सट्टा झाला, देणं नव्हे. सट्टा लावायचा नसेल तर तो न लावण्याची मुभा प्रत्येकाला आहे.

तिसरं उत्तर मला माझ्या कामातून सापडलं. एखादं अ‍ॅप तुम्हाला गाणी सुचवतं तेव्हा ते आधीच्या ऐकणाऱ्यांच्या नोंदी वापरतं: हे गाणं ज्यांनी पूर्ण ऐकलं त्यांनी आणखी काय ऐकलं. नव्या गाण्याची मात्र कुठलीच नोंद नसते. नोंद नाही म्हणून सुचवलं जात नाही, सुचवलं जात नाही म्हणून कुणी ऐकत नाही, आणि कुणी ऐकत नाही म्हणून नोंद होत नाही. आम्ही याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतो. थंडीत बंद पडलेली गाडी धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही, तसं. यावर गणिती उपाय निघाले आहेत, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: काही लोकांना, काही वेळा, पारख न झालेलं गाणं ऐकवावं लागतं. कुणीतरी आपली तीन मिनिटं बेभरवशी गोष्टीवर घालवावी लागतात. तो खर्च टळत नाही. तो कोण करणार एवढंच ठरवायचं असतं.

आता कोल्डप्लेकडे परत येऊ. १९९९मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात ते नव्या बँडांच्या छोट्या तंबूत वाजले. २००२मध्ये त्याच महोत्सवाच्या मुख्य मंचावर ते शेवटचे, मानाचे कलाकार होते. मधल्या तीन वर्षांत बरंच काही झालं, पण सुरुवात त्या तंबूतल्या लोकांपासून होते. त्यांच्याकडे या बँडला ऐकण्याचं कुठलंही खात्रीचं कारण नव्हतं. तरी ते तंबूत थांबले. त्यांच्यासारख्या अनेक ठिकाणच्या अनेक लोकांनी आपला वेळ धोक्यात घातला, म्हणून पंचवीस वर्षांनी नवी मुंबईत माझ्या मित्राला निर्धास्तपणे तिकीट काढता आलं. काय मिळणार आहे हे त्याला आधीच माहीत होतं. ही खात्री त्याला कुणीतरी तयार करून दिली होती, आणि तिची किंमत तिकिटात धरलेली नव्हती.

करार आयोजकाशी होता, हिशेब मिटला, या म्हणण्यातली फट इथे आहे. आपण आवडता बँड ऐकतो तेव्हा अनोळखी श्रोत्यांच्या कष्टांवर जगत असतो. पहिल्या बँडच्या वेळी बाहेर उभं राहणं म्हणजे पिकाला हजर आणि पेरणीला गैरहजर.

मग हे देणं कुणाचं? पहिल्या बँडने आपल्याला काही दिलेलं नाही, अजून तरी. दिलं त्या जुन्या श्रोत्यांनी, आणि त्यांना परत करता येत नाही. ते कोण होते हेही कळणार नाही. आपल्या परंपरेत अशा देण्याला एक नाव आहे. माणूस तीन ऋणं घेऊन जन्माला येतो म्हणतात: देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. पैकी ऋषिऋण ऋषींना काही नेऊन देऊन फिटत नाही. ते शिकून आणि पुढच्याला शिकवून फेडायचं असतं. घेतलं एकाकडून, फेडायचं दुसऱ्याकडे. ही कल्पना ज्या व्यवस्थेतून आली तिने बहुसंख्यांना शिकण्याचा अधिकारच नाकारला होता. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५०मध्ये महाविद्यालय काढलं, त्या शहरात राहून हे विसरता येत नाही. पण या कल्पनेचं हाड पक्कं आहे, आणि ते सगळ्यांच्या कामाचं आहे. पहिल्या बँडला आपण जे देतो ते असंच फेडणं आहे. तो बँड फक्त वसुलीच्या जागी उभा आहे.

*

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप असा: लक्ष मागून मिळत नाही. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल लक्ष देण्याला औदार्याचा एक प्रकार मानत असे. तिच्या मते ते कपाळाला आठ्या घालून, जोर लावून होणारं काम नाही. आपलं स्वतःचं बोलणं थांबवून समोरच्यासाठी आत जागा रिकामी करणं म्हणजे लक्ष. मग औदार्य देणं कसं असेल? देणं म्हटलं की औदार्य संपलं. कर्तव्य म्हणून हॉलमध्ये उभा असलेला माणूस मनात ऑफिसचं काम करत असेल तर त्या बँडला काय मिळालं?

मला वाटतं इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात: हजेरी आणि दाद. हजेरी देता येते. वेळेवर आत जाणं, मंचाकडे तोंड करून उभं राहणं, गप्पा बाहेर ठेवणं, फोन खिशात ठेवणं, दुसऱ्याच्या नावाचा घोष न करणं. हे सगळं इच्छेच्या ताब्यात आहे, म्हणून ते देणं असू शकतं. दाद इच्छेच्या ताब्यात नाही. ती आली तर येते. म्हणून ती देणं असूच शकत नाही, आणि देणं समजून दिलेली दाद खोटी असते. आवडलं नाही तर टाळी वाजवू नये. खोट्या टाळीने बँडचं नुकसानच होतं; पुढच्या वेळी तीच चूक ते जास्त जोरात करतात. चार गाणी ऐकून "नाही बुवा जमलं" असं म्हणणारा श्रोता देणं फेडून मोकळा झालेला असतो. न ऐकता नावं ठेवणाऱ्याकडे मात्र थकबाकी राहते, आणि पंधरा सेकंदांची क्लिप पाहून नावं ठेवणाऱ्याने तर खातंच उघडलेलं नसतं.

आपण औदार्याला हुकूम करू शकत नाही, पण ते येईल अशी जागा करून ठेवू शकतो. हजेरी म्हणजे तेवढंच.

दुसरा आक्षेप आमच्या शहरातून येतो. संभाजीनगरहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, मुंबई साडेतीनशेच्या आसपास. सुट्टी मिळवून, गाडी पकडून जाणाऱ्याला दुपारी तीनला मैदानात असणं कसं जमावं? जमत नसेल तर देणं नाही. कुठलंही देणं ऐपतीप्रमाणेच असतं. उशिरा पोहोचणं आणि दारात असून आत न जाणं यांत फरक आहे.

पण शहराची दुसरी बाजूही आहे. मोठे दौरे इथे येत नाहीत, हे आमचं नेहमीचं रडगाणं. त्याच शहराने एक काम मात्र वर्षानुवर्षं केलं: पहिला श्रोता, पहिला प्रेक्षक होण्याचं. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांच्या मित्रांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था इथली, तेव्हाच्या औरंगाबादची. १९९१मध्ये 'चारचौघी' आलं आणि सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. त्याआधी त्यांना कुणीतरी पाहिलं होतं. इथल्या लोकांनी, नाव होण्याआधी, नाटक फसण्याची शक्यता गृहीत धरून पाहिलं होतं. त्या प्रेक्षकांना कुठलाही पुरस्कार मिळालेला नाही.

*

आता एक प्रसंग, कारण त्याने माझ्या या विचाराची परीक्षा पाहिली. माझा मामेभाऊ इथल्या एका बँडमध्ये ड्रम्स वाजवतो. बँड म्हणजे चार पोरं. संध्याकाळचे क्लास सुटल्यावर सिडकोतल्या एका शिकवणीच्या हॉलमध्ये सराव करतात. गेल्या हिवाळ्यात शहरात एक छोटा कार्यक्रम झाला. मुख्य बँड पुण्याचा, स्वतःची गाणी करणारा. पहिला बँड आमच्या पोरांचा. हॉल भरला होता. पण भरला होता तो पोरांमुळे. कॉलेजचे मित्र, बहिणी, माझी मामी, सोसायटीतले काका. पुण्याच्या बँडला इथे कुणी ओळखत नव्हतं.

म्हणजे सगळं उलटं होतं. पोस्टरवर ज्यांचं नाव मोठं, तेच या हॉलमध्ये अनोळखी होते. पोरांचं वाजवून झालं, आरडाओरडा झाला, फोटो झाले आणि लोक उठायला लागले. नऊ वाजत आले होते, जेवायचं होतं. तेवढ्यात हा घामाघूम होऊन माझ्याकडे आला. मला वाटलं, कसं झालं विचारेल. तो म्हणाला, "दादा, निघू नको ना. आईलापण थांबव. त्यांना इथं कुणी ओळखत नाही. अर्धा हॉल रिकामा झाला तर ते कुणासाठी वाजवतील?"

मामीने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "अर्धा तास हं," म्हणाली आणि बसली. तिला ते संगीत आवडलं नाही. परतताना रिक्षात तिने तसं स्पष्ट सांगितलं: आवाज फार होता आणि शब्द कळत नव्हते. पण एक हळू गाणं बरं होतं, तो उंच मुलगा एकटा म्हणत होता ते, असंही म्हणाली.

या प्रसंगाने माझ्यापुरती एक गोष्ट पक्की केली. हे देणं लहान बँडवरच्या दयेचं नाही. तसं असतं तर त्या रात्री घरी जायला हरकत नव्हती. लहान बँडला भरपूर मिळालं होतं. देणं अनोळखी बँडचं आहे, मग तो पोस्टरवर वर असो की खाली. मित्रांची हजेरी पोरांकडे आधीपासून होती. ती प्रेमाची असते, आणि प्रेमाने बँड मोठा होत नाही. अनोळखी माणसाचे कान हीच दुर्मीळ गोष्ट, आणि नुकतेच दीडशे लोकांसमोर वाजवून आलेल्या पोराला ती बरोबर कळली होती.

शेवटचा आक्षेप मी स्वतःलाच घेतो. अनोळखी तर किती आहेत! रोज हजारो नवी गाणी नेटवर चढतात. प्रत्येकाचं देणं लागत असेल तर माणूस दिवाळखोरच होईल, आणि ज्या देण्याने सगळेच दिवाळखोर होतात त्याला देणं म्हणण्यात अर्थ नाही. खरं आहे. म्हणूनच फोनवरच्या त्या अथांग यादीचं मी काही देणं लागतो असं मला वाटत नाही. तिथे माझं ऋण कुणा एकाकडे बोट दाखवू शकत नाही. हॉलमध्ये दाखवू शकतं. तिथे अनोळखी बँड एकच असतो, वेळ अर्धा तास असतो, आणि मी आधीच तिकीट काढून, गाडी लावून, दारापर्यंत पोहोचलेला असतो. एवढ्या सोयीने फेडता येईल असं ऋण आपल्या वाट्याला फार वेळा येत नाही. वडापाव नंतरही मिळतो.